कार्बनचं नंतर बघू, आधी आवणीचं बोला

मागच्या अंकात एक छोटं टिपण होतं, की उष्ण प्रदेशातल्या शेतकऱ्यांना कमी कार्बनच्या जमीन-वापराकडे वळवायला हवं. तुम्ही ते काही सोडलं नाहीत. कळव्यापासून कोपरखैरण्यापर्यंत प्रश्न आले, व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट आल्या, एक तर चांगली लांबलचक आहे आणि मागे कुकरच्या शिट्ट्या. सगळे घेणं शक्य नाही, जे घेतेय तेही थोडे छाटलेत. आणि 'कमी कार्बन' म्हणजे काय असं विचारणाऱ्यांसाठी: जमीन अशी वापरायची की माती आणि झाडं यांतला कार्बन तिथेच टिकेल किंवा वाढेल, आणि मिथेन, नायट्रस ऑक्साइड हे वायू कमी सुटतील. बस, एवढंच आहे ते. आणि आवणी म्हणजे भाताची लावणी.

प्रश्न: मी ठाण्यात बीएस्सीला आहे. गाड्या, विमानं, एसी सोडून तुम्ही भातशेतीवर का घसरलात? माझी आजी जन्मभर भात लावतेय, तिच्यामुळे पृथ्वी तापली का? (एक विद्यार्थिनी, ठाणे)

आजीमुळे नाही गं तापली, तिला तसं सांग माझ्या नावाने. पण बीएस्सीला आहेस तर हे समजून घे. खाचरात पाणी तुंबलं की मातीतली हवा संपते, मग हवेशिवाय जगणारे सूक्ष्मजीव कामाला लागतात, कुजणाऱ्या मुळ्या-काडीकचऱ्यावर जगतात आणि मिथेन सोडतात, आणि तो बराचसा भाताच्या रोपातल्याच पोकळ्यांतून वर हवेत येतो. शंभर वर्षांचा हिशोब धरला तर एक किलो मिथेन साधारण २८ किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा. माणसामुळे जगभर जो मिथेन सुटतो त्यात भाताचा वाटा ८ ते १० टक्के धरतात. जंगलतोड, गुरं, खतं असं जमिनीचं सगळं एकत्र घेतलं तर एकूण हरितगृह वायूंचा पाचवा हिस्सा, किंचित जास्तच.

यावर फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने, इरीने, एक साधा उपाय पुढे आणला. शेतात भोकं पाडलेला पाइप गाडायचा, त्यातलं पाणी जमिनीच्या खाली १५ सेंटिमीटर गेलं की मगच पुढचं पाणी सोडायचं. मध्ये माती श्वास घेते, मिथेन कमी होतो, पाणी वाचतं, उत्पन्न पडत नाही. पण हे तेव्हाच जमतं जेव्हा पाण्याचा नळ तुमच्या हातात असतो. मुरबाड-शहापूरला जुलैत खाचर वाळवा म्हटलं तर वरच्याला कोण सांगणार? भातसाच्या कालव्याखाली किंवा तिकडे कर्जतला राजनाल्यावर उन्हाळी भात करतात त्यांना हे लागू आहे. पावसाळी भाताला दुसरा मार्ग शोधावा लागतो, तो पुढच्या प्रश्नात येतोच आहे.

प्रश्न: मुरबाड तालुक्यात आमची वडिलोपार्जित दोन एकर आहे, चुलतभाऊ कसतो, मी कळव्याला असतो. दरवर्षी तो राब भाजतो. मी त्याला ग्लोबल वॉर्मिंग समजावलं, व्हिडिओ पाठवले. तो म्हणतो "दादा, तू आवणीला ये, मग बोलू." काय करावं? (एक बँक कर्मचारी, कळवा)

दादा, भाऊ बरोबर बोलतोय. म्हणजे राब भाजणं बरोबर असं नाही म्हणत मी, पण तुमच्या बोलण्यात त्याच्या उपयोगाचं काय होतं ते मला तरी दिसलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एप्रिल-मेमध्ये, जिथे भाताची रोपं करायची तेवढ्या तुकड्यावर शेण, ऐनाबिनाच्या तोडलेल्या फांद्या, पातेरा, गवत असे थर रचतात, वर थोडी माती टाकतात आणि हळूहळू जाळतात. त्याला राब भाजणं म्हणतात. धूर होतो, झाडं दरवर्षी बोडकी होतात, जे शेण आणि पाला मातीत जायला हवं ते हवेत जातं, हे सगळं खरं. पण शेतकऱ्याला त्यातून काय मिळतं तेही बघा ना. तणाचं बी जळतं, राखेतून पालाश मिळतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माती इतकी भुसभुशीत होते की आवणीच्या दिवशी रोप हाताला लगेच येतं, मुळं तुटत नाहीत. भर पावसात वाकून रोपं उपटणाऱ्या बाईला विचारा, तिच्या दृष्टीने ही किती मोठी गोष्ट आहे.

आणि हा वाद आजचा नाही. ब्रिटिशांच्या काळात जंगल खात्याने फांद्या तोडायला आडकाठी केली तेव्हा ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत इतकी ओरड झाली की सरकारला मुंबई फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं, त्याचा अहवाल १८८७ चा. राब हा त्यातला एक मोठा मुद्दा होता. म्हणजे साहेबांनी 'जाळू नका' सांगायचं आणि ठाणेकर शेतकऱ्याने 'मग करू काय' विचारायचं, हे सव्वाशे वर्षांहून जास्त चालू आहे, त्यात तुमच्या व्हिडिओची भर.

तेव्हा राब जे देतो ते दुसरीकडून मिळालं तरच भाऊ ऐकेल. पहिली गोष्ट, गादीवाफ्यावर रोपं करा आणि भातगिरणीतलं तूस आणून त्याची काळी राख वाफ्यात मिसळा. माती मोकळी राहते, राखेतल्या सिलिकामुळे रोप टणक होतं, आणि झाड तोडावं लागत नाही. हे डॉ. सावंतांच्या चारसूत्री भातपद्धतीतलं पहिलं सूत्र आहे, कृषी खात्याला चांगलं माहीत आहे. याच पद्धतीत बांधावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावून त्याचा पाला चिखलणीच्या आधी शेतात टाकतात, आणि चार चुडांच्या (लावलेल्या रोपांच्या जुड्यांच्या) मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी बोटाने चिखलात खोल दाबतात. २.७ ग्रॅमची गोळी, जेमतेम बोटाच्या पेरात मावेल एवढी. फेकलेला युरिया पहिल्या मोठ्या पावसात ओहोळाला जातो नाहीतर वायू होऊन उडतो, दाबलेली गोळी मुळाशी हळूहळू विरघळते. खत कमी लागतं आणि नायट्रस ऑक्साइडही कमी सुटायला मदत होते, आणि हा वायू मिथेनच्याही वरताण आहे बरं का. भावाला नायट्रस ऑक्साइड सांगू नका, युरियाची एक गोणी वाचेल एवढंच सांगा. फक्त गोळ्या दाबायला लावणी ओळीत हवी आणि माणसं हवीत, ही अडचण लपवून ठेवू नका.

माणसं म्हणाल तर खरं दुखणं तिथेच आहे. गावातली तरणी पोरं भिवंडीच्या गोदामांत, आवणीच्या आठवड्यात सगळ्या गावाला एकदमच मजूर हवेत, मजुरी वर जेवण वर गाडीभाडं. म्हणून आपल्या शेजारच्या नेरळच्या सगुणाबागेतून चंद्रशेखर भडसावळ्यांनी जी एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) पद्धत आणली ती लोकांनी उचलली, त्यात चिखलणी नाही, रोपवाटिका नाही (म्हणजे राबच नाही!) आणि आवणीही नाही. कायमचे गादीवाफे करायचे, लोखंडी साच्याने भोकं पाडून भात टोकायचा, कापणी झाली की मुळं जमिनीतच ठेवायची, नांगर फिरवायचा नाही, त्याच वाफ्यावर पुढे वाल नाहीतर मूग. मुळं जागेवर कुजली की मातीत सेंद्रिय कर्ब वाढतो, वाफा उंच असल्याने माती तुंबून राहत नाही, म्हणजे मिथेनलाही चाप. पण मिथेनचं कोणी विचारलंय, लोक आले ते आवणी वाचते म्हणून.

आता कडू भाग. एसआरटीत तण फार सतावतं आणि त्यासाठी तणनाशक वापरतात, ग्लायफोसेटसुद्धा. मला ते मनापासून पटत नाही, ओहोळ आणि विहिरीजवळच्या तुकड्यात तर अजिबात नाही, पण त्यावर नाकं मुरडणाऱ्याने आधी एक दिवस भाताची बेणणी करून बघावी. ज्यांनी ही पद्धत सोडली त्यांच्यात तणाला कंटाळलेले पुष्कळ, हेही भावाला आधीच सांगा, नाहीतर पहिल्या वर्षी त्रास झाला की तो तुमच्यावर ढकलून मोकळा होईल आणि पुढे काही ऐकणार नाही.

माझा सल्ला असा, की दोन एकर एकदम बदलायचा हट्ट नको. पाच गुंठे बाजूला काढा, त्यात पीक कमी आलं तर तेवढ्या भाताचे पैसे मी देईन असं भावाला आधी कबूल करा. सातबारावर नाव तुमचंही आहे, जोखीम मात्र एकटा तो घेतोय, हे काही बरोबर नाही. आणि हो, आवणीला जाच.

प्रश्न: आमच्याकडे एक गृहस्थ आले होते, म्हणाले झाडं लावा, तीस वर्षांचा करार करा, कार्बन क्रेडिटचे पैसे घरबसल्या येतील. सही करावी का? (एक शेतकरी, शहापूर)

वाचल्याशिवाय नको, आणि करार इंग्रजीत असेल तर वाचूनही नको, मराठी प्रत मागा.

एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइडची बचत. आता हिशोब करू. समजा भाताच्या एकरातून वर्षाला एखादं क्रेडिट निघालं आणि बाजारात त्याला दहा डॉलर मिळाले, तर हजार रुपयांच्या आसपास झाले. त्यातून मोजणी, तपासणी, कंपनीचा वाटा गेला की तुमच्या हातात काय उरणार? आपल्याकडे तर तीस-चाळीस गुंठ्यांचे तुकडे आणि सातबारावर आत्या-काका धरून डझनभर नावं, सगळ्यांच्या सह्या गोळा करायला जे खर्च होईल तेवढंही सुटणार नाही. झाडांमध्ये आकडा जास्त येतो पण अट मोठी, झाड तीस वर्षं तोडायचं नाही. मध्ये मुलीचं लग्न निघालं, वणवा लागला, जमीन विकावी लागली तर काय, हे कलम कुठे आहे ते बोट ठेवून दाखवा म्हणावं.

दुसरं, हे पैसे नवीन बदलाला मिळतात. ज्याने आधीपासून बांधावर झाडं राखली त्याला शून्य, आणि ज्याने पूर्वी सगळी तोडली आणि आता लावतोय त्याला पैसे. हा न्याय मला अजून पचलेला नाही. शिवाय बाजारही भरवशाचा नाही, २०२४ मध्ये व्हेरा या क्रेडिट देणाऱ्या मोठ्या संस्थेने चीनमधले ३७ भातशेतीचे प्रकल्प एकदम बाद केले, हिशोब टिकला नाही म्हणून. आपल्या केंद्र सरकारने २०२४ च्या जानेवारीत शेतीसाठी ऐच्छिक कार्बन बाजाराचा आराखडा आणला आहे, पण शेतकऱ्याच्या खात्यात पैसे पडेपर्यंत मध्ये बरेच टप्पे आहेत.

गट करून, शेतकरी कंपनीमार्फत, रोपांचा खर्च समोरच्याचा आणि मिळकतीत तुमचा वाटा आकड्यात लिहिलेला असेल तर विचार करा. क्रेडिट आलं तर वरकमाई समजायची. झाड मात्र असं लावा की क्रेडिट नाही आलं तरी आंबा, काजू, शेवगा, काहीतरी हाताला लागेल.

प्रश्न: घोडबंदर रोडला राहतो, आसनगावजवळ थोडी जमीन आहे. बांबू लावू का साग? (एक आयटीवाले)

बांबू. २०१७ च्या दुरुस्तीने जंगलाबाहेरचा बांबू भारतीय वन कायद्याच्या 'झाड' या व्याख्येतून काढला, त्यामुळे स्वतःच्या जमिनीतला बांबू तोडणं-नेणं सोपं झालंय. माणगा लावा, भरीव असतो, काटे नाहीत. पण शनिवार-रविवारी जाऊन बांबू जगत नाही, पहिली दोन वर्षं गुरांपासून आणि फेब्रुवारी-मार्चच्या वणव्यापासून राखायला गावातला माणूस लागेल, त्याला नीट पगार द्या.

साग-खैराचं असं आहे, की लावायला कोणी अडवत नाही, तोडायला १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी. आणि आपल्या जिल्ह्यातली खास भीती वेगळीच. १९७५ च्या खासगी वने संपादन कायद्यामुळे कितीतरी जणांच्या सातबारावर वनाचा शेरा बसला आणि लोक वर्षानुवर्षं कोर्टात हेलपाटे घालत राहिले. त्या आठवणीमुळे वरकसावर, म्हणजे उतारावरच्या हलक्या जमिनीवर, आपोआप उगवलेलं रोप बरेच जण लहान असतानाच कापतात, उद्या जंगल म्हणून नोंद नको. म्हणजे एका हाताने सरकार झाडं लावा म्हणून अनुदान देतं आणि दुसऱ्या हाताने झाडाची धास्ती घालतं. शेतकऱ्याने स्वतः लावलेलं झाड त्याचंच, हवं तेव्हा तोड, एवढा भरवसा मिळाला तर मला वाटतं निम्मं प्रोत्साहन तिथेच झालं, फुकट रोपांचे ट्रक कमी पाठवले तरी चालतील.

प्रश्न: उरणकडे आमची खारजमीन आहे. बाहेरबांध फुटला, खारं पाणी शिरलं, आता तिवरं उगवलीत. लोक म्हणतात कांदळवन पर्यावरणाला चांगलं. आमच्या भाताचं काय? (एक वाचक, कोपरखैरणे)

दोन्ही खरं आहे आणि म्हणूनच अवघड आहे. कांदळवनाच्या चिखलात कार्बन खोलवर साठून राहतो, कोरड्या जमिनीवरच्या उष्ण प्रदेशातल्या जंगलापेक्षा हेक्टरी काही पटींनी जास्त. ठाण्याची खाडी २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत, गेली ती उगीच नाही. त्यात खाऱ्या पाण्यात सल्फेट असल्याने तिथे मिथेनही कमी बनतो. हवामानाच्या हिशोबाने तुमच्या शेताची बढतीच झाली. पण फायदा सगळ्या मुंबईचा, आणि नुकसान तुमच्या एका घराचं, आणि याची भरपाई देणारी धड व्यवस्था नाही. मी तुमच्या जागी असते तर मीही चिडले असते.

करायचं काय? तिवरं तोडू नका, हायकोर्टाच्या आदेशानंतर तो सरळ गुन्हा आहे, जमीन खासगी असली तरी. जेवढ्या भागात अजून उगवली नाहीत तिथला बांध दुरुस्त व्हावा म्हणून खारभूमी विभागाकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि दर हंगामाला ई-पीक पाहणीत पीक नोंदवा. पड दिसली की तुमची बाजू लंगडी पडते. त्या भागात पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राची क्षार सोसणारी वाणं आहेत, पनवेल-१, २, ३, आणि राता हे जुनं वाण मिळालं तर उत्तमच. ज्या भागात आधीचं तळं आहे तिथे जिताडा हा खाडीतला मासा होतो का बघा. कांदळवनाच्या कडेने खेकडा-कालवं पाळायला सरकारची उपजीविका योजना आहे, पण ती गावाच्या समितीमार्फत चालते, एकट्याने जाऊन काही होत नाही.

प्रश्न: शेतकऱ्यांना असं वळवणं जगात कुठे जमलंय का? की नुसती सेमिनारं? (एक शिक्षिका, ऐरोली)

सेमिनारं भरपूर, मॅडम, पण जमलंयही. कोस्टा रिकाचं उदाहरण सगळेच देतात, १९९६ च्या वन कायद्यानंतर तिथे जंगल राखणाऱ्या जमीनमालकाला थेट पैसे मिळू लागले, आणि ते पैसे इंधनावरच्या करातून, म्हणजे गाडीवाल्याच्या खिशातून. १९८० च्या दशकात चौथाईवर आलेलं जंगल आता अर्ध्या देशावर आहे. मात्र त्याच कायद्याने जंगल तोडून शेत करायला बंदी घातली होती, आणि त्याआधी गोमांसाचे भाव पडल्याने कुरणं परवडेनाशी झाली होती, हे सांगायचं लोक विसरतात. ब्राझीलने २०१० मध्ये वेगळं केलं, बिननांगरणीची शेती, खराब कुरणं सुधारणं, यासाठी स्वस्त कर्ज दिलं.

पण इतकं लांब कशाला जायचं? १९९० मध्ये आपल्याच महाराष्ट्राने रोजगार हमीशी फळबाग लागवड जोडली. स्वतःच्या जमिनीत खड्डे खणायचे, कलमं लावायची, जगवायची, आणि त्या कामाची मजुरी शेतकऱ्याला सरकारकडून. कोकणातल्या किती वरकस माळांवर आज आंबा-काजू दिसतो तो यातला. कार्बन हा शब्दही कुणी उच्चारला नव्हता! झाड उत्पन्न द्यायला लागेपर्यंतची मधली भाकड वर्षं कोणीतरी भरून काढली, म्हणून माणूस तयार झाला. आजही भाऊसाहेब फुंडकर योजनेत अनुदान तीन वर्षांत हप्त्याने मिळतं, कलमं जगली तर. अर्थात याचीही एक वाईट बाजू झाली, कोकणात काही ठिकाणी उभं जंगल जेसीबीने साफ करून तिथे काजू लावला. असल्या बागेला कमी कार्बनचं म्हणणं म्हणजे चेष्टा आहे.

आणि मॅडम, आपल्याकडे खरी स्पर्धा भात विरुद्ध बांबू अशी नाहीच. समृद्धी महामार्ग भिवंडीत आमण्याला येऊन टेकला, इकडे विमानतळ, आजूबाजूला एनए प्लॉटचे बोर्ड. काही खाचरांची वरची सुपीक माती वीटभट्टीला ट्रकने जाते. एकदा काँक्रीट पडलं की मातीतल्या कर्बाची चर्चाच संपली. शेती परवडत राहणं हाच त्यातला पहिला उपाय, आणि तो कृषी खात्याच्या एकट्याच्या हातात नाही.

प्रश्न: वाशीतल्या आमच्या सोसायटीला यात काही करता येईल का? (सोसायटीच्या सेक्रेटरी)

येईल की. झाडं लावायचा कार्यक्रम नको, फोटो येतात, झाडं मरतात. मुरबाड-शहापूरकडचा एखादा गट शोधा, जो राब न भाजता किंवा एसआरटीने भात करतो, त्यांच्याशी मे महिन्यातच ठरवा की अमुक इतके किलो तांदूळ आणि वाल आम्ही घेणार, भाव आत्ताच पक्का, आणि अर्धे पैसे आगाऊ. बियाणं-मजुरीच्या वेळी त्यांना सावकाराकडे जावं लागणार नाही. तांदूळ डिसेंबरात येईल. नवा तांदूळ असतो, भात चिकट होतो, तेव्हा ग्रुपवर लगेच तक्रारी टाकू नका, पाणी थोडं कमी घाला नाहीतर दोन-तीन महिने डब्यात राहू द्या.